पंगत उठेपर्यंत

आमच्या कुत्र्याचा मागचा डावा पाय वाकत नाही. चालताना तो त्या पायाचं टोक तेवढं टेकवतो आणि लगेच उचलतो, फरशी तापलेली असावी तसा. येणारे-जाणारे विचारतात, "काय झालं जी याले?" बरेच महिने मी एकच उत्तर देत होतो, "मोकाट कुत्र्यांनी फाडलं." उत्तर छोटं होतं, ऐकणाऱ्याला ताबडतोब पटायचं आणि साफ खोटं होतं.

मी अमरावतीत एका सरकारी कचेरीत आहे. कमी बोलणारा माणूस म्हणून माझं नाव आहे आणि लोक त्याला सज्जनपणा समजतात. मीही समजू दिलं. न बोलण्याने माणूस किती हलकटपणा निभावून नेऊ शकतो, हे मला या एका कुत्र्यापायी कळलं.

कुत्रा तसा मुलीचा. कॉलेजात असताना तिने तो ओढणीत गुंडाळून आणला. ना धड पामेरियन, ना धड गावठी. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, कुत्रा आमच्याकडे राहिला. सासरी नेता येत नव्हता, कारण तिच्या सासऱ्यांकडे आधीच एक होता. काळा, वासराएवढा, विदेशी जातीचा. त्या जातीचं नाव माझे इवाई दर वेळी वेगळं सांगत. इवाई म्हणजे आमच्याकडे मुलीचा सासरा. माणूस मनानं वाईट नाही, असं त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात. ज्याच्याबद्दल हे आधीच सांगून ठेवावं लागतं, त्याच्यापासून चार हात लांब राहावं एवढी अक्कल मला पन्नाशीतही आली नव्हती. अकोटच्या बाजूला त्यांची काळी कसदार शेती, अकोल्यात दुमजली घर, आणि हसणं असं की समोरच्यालाही हसावंच लागतं. मी नेहमी हसत आलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी वावरात रोडग्यांचा बेत ठेवला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, जोडीला वरण आणि वांग्याची भाजी. रविवार होता. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, त्यालेही आणा. किती महिने झाले पाहून." म्हणून आम्ही नवरा-बायको आणि कुत्रा असे तिघे गाडीतून निघालो. तो सगळा रस्ता खिडकीबाहेर नाक काढून बसला होता.

वावरात पोचलो. बाजा टाकलेल्या, धूर निघत होता, सोयरे-धायरे जमलेले. बायकोने कुत्रा मांडीवरच धरला होता. त्यांचा काळा कुत्रा निंबाखाली मोकळा बसलेला तिने पाहिला होता.

"इनबाई, लेकरू हाये का थे?" इवाई आपल्या विहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाले. "सोडा ना खाली. खेयू द्या दोघाईले. कुत्र्याले कुत्र्यासारखं राहू द्या!"

सगळे हसले.

"नको जी, राहू द्या. भेते तो," बायको म्हणाली.

"भेते?" इवायांनी माझ्याकडे पाहिलं. "शहरातलं कुत्रं हाये बापा. नाजूक."

नाजूक हा शब्द त्यांनी कुत्र्यासाठीच वापरला होता. मी तो स्वतःकडे घेतला, माझ्या घराकडे घेतला, मुलीला दिलेल्या वळणाकडेही घेतला. मुलीच्या बापाचे कान असेच असतात. मी उठलो, बायकोच्या मांडीवरून कुत्रा उचलला आणि माझ्या या दोन हातांनी खाली मातीत ठेवला. बायकोने पट्टा धरून ठेवला होता. मी तिच्या बोटांतून तो सोडवून घेतला. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि तिनेही नाही.

काळ्याने भुंकायचीदेखील तसदी घेतली नाही. तो उठला, आला, आणि आमच्या कुत्र्याची मांडी धरून त्याने त्याला असं झटकलं, जशी बाई ओलं फडकं झटकते. आवाज आला तो आमच्याच कुत्र्याचा. तसा आवाज त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. एका सालदार गड्याने धावत येऊन काळ्याच्या तोंडावर पाण्याची बादली उपडी केली, तेव्हा कुठे जबडा सुटला.

"अरे अरे अरे," इवाई म्हणत होते. सुरुवातीला ते हसतच होते, मग थोडे कमी हसले. "आमचं बेटं जरा तापट हाये. लागलं का हो लय?"

मांडीची कातडी लोंबत होती. आत पांढरं काहीतरी दिसत होतं. आणि मी म्हणालो, "काही नाही, काही नाही. जनावरं आहेत. चालायचंच."

आमच्याकडे इवायाच्या दारात मुलीच्या बापाने कसं वागावं, हे कोणी शिकवत नाही आणि तरी सगळ्यांना येतं. हसायचं. वाढायला आले की नको म्हणायचं, मग घ्यायचं. भरल्या ताटावरून उठायचं नाही. पाहुणचार अर्धा टाकून गेलेला सोयरा म्हणजे रुसलेला सोयरा, आणि त्या रुसव्याची भरपाई मुलीला करावी लागते, तीही वर्षानुवर्षं, भांडी घासताना मागून ऐकलेल्या एकेका वाक्याने. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. अकोला तिथून तासाभरावर. पंगत बसत होती. इवाई म्हणाले, "बसा, बसा, पयल्या पंगतीले बसा, मंग जाजा सावकाश." आणि मी बसलो.

बायको गाडीत होती. मागच्या सीटवर, दार उघडं, कुत्रा मांडीवर आणि पदराचा बोळा जखमेवर दाबून धरलेला. पंगतीतून ती मला दिसत होती.

"इनबाई काहून नाही आल्या जेवाले?" कोणीतरी विचारलं.

"तिचा उपास आहे," मी सांगितलं.

कुठला उपास, हे कोणी विचारलं नाही. तिथल्या एकूणएक माणसाला दिसत होतं की ती का आली नाही, आणि एकूणएक माणसाने मान डोलावली. इतकी सभ्य माणसं मी एका जागी क्वचितच पाहिली आहेत.

वाढायला मुलगी होती. घरची सून म्हणून पहिली पंगत तिनेच वाढायची. डोक्यावर पदर, हातात तुपाची वाटी. ती ओळीने येत माझ्यासमोर वाकली. तूप पत्रावळीच्या बाहेर सांडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती काय मागत होती ते मला त्या क्षणी कळलं होतं. मी उठावं. तिला पंगत सोडून जाता येणार नव्हतं, ते मी करावं, एवढंच.

शेजारी इवाई बसले होते. मी म्हणालो, "थोडं तूप वाढ, बेटा."

तिने वाढलं.

मी तीन रोडगे खाल्ले. चव चांगली होती, हेही सांगून टाकतो. भीतीने माणसाची भूक मरते म्हणतात, माझी मेली नाही. मग हात धुणं झालं, सुपारी झाली, मग टोपी-दुपट्टा. इवायांनी माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, गळ्यात दुपट्टा घातला, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो आहे. त्यात मी हसतो आहे आणि मागे गाडीचं उघडं दार दिसतं.

मी गाडीत येऊन बसलो. माझ्या गळ्यातला दुपट्टा बायकोने ओढून काढला आणि कुत्र्याच्या मांडीभोवती गुंडाळला.

अकोल्यात रविवारी जनावरांचा डॉक्टर शोधण्यात आणखी वेळ गेला. एक सापडले, वयस्कर, तिरसट. त्यांनी दुपट्टा सोडवला.

"कधी झालं?"

"आत्ताच. अर्धा तास."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. टोपी अजून डोक्यावर होती. "अर्ध्या तासाचं रक्त असं वाळत नाही," ते म्हणाले. "माती आत गेली आहे. लगेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. जीव वाचवतो. पायाचं सांगत नाही." पुढे ते बायकोशीच बोलले. औषधं, ड्रेसिंग, सगळं तिला सांगितलं. त्यांच्या लेखी मी भिंतीला टेकलेली खुर्ची होतो, आणि त्यांचा अंदाज बरोबर होता.

अमरावतीत परतलो तेव्हा अजून उजेड होता. दुसऱ्या दिवशी कॉलनीत विचारपूस सुरू झाली. खरं सांगावं तर आमच्या गल्लीतली दोन घरं इवायांच्या दूरच्या नात्यातली. शब्द संध्याकाळपर्यंत अकोल्याला पोचला असता, 'मुलीचा बाप बदनामी करून राहिला' अशा रूपात. म्हणून मी म्हणालो, मोकाट कुत्र्यांनी. मला वाटलं, यात कोणाचं काय जातं? भटक्या कुत्र्यांना कुठे इवाई असतात.

आमच्या कॉलनीत बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीला आलेले लोक. प्राध्यापक, इंजिनिअर, बँकवाले. सकाळी फिरताना देशाचं काय चुकतं ते सांगणारे. कोणाच्या घरी म्हातारी आजारी पडली तर हे चौकशीला जात नाहीत, पण माझ्या कुत्र्यासाठी दोन दिवसांत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेशांचा नुसता पूर आला. कुत्र्याचे फोटो मागून घेतले. मंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. महापालिकेला द्यायचा अर्ज तयार झाला, भाषा अतिशय शुद्ध, आणि पहिली सही माझी, पीडित म्हणून. मी सही केली. सही करताना माझा हात अजिबात अडखळला नाही, सरावाचा आहे.

कॉलनीच्या कोपऱ्यावर एक बाई भाजीची गाडी लावते. घरचा मळा आहे त्यांचा, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं रोज ताजं आणते. तिच्या गाडीखाली एक तांबडी कुत्री असायची, म्हातारी, एक कान पडलेली. आमचा कुत्रा सकाळी फिरायला निघाला की पहिल्यांदा तिथे जायचा, तिच्याशेजारी बसायचा, मग पुढे. त्याला एवढी एकच मैत्री होती. कॉलनीला मात्र मोकाट कुत्री म्हणून दाखवायला हाताशी तेवढीच होती.

पाच-सहा जण गेले. मलाही नेलं.

"तुह्या कुत्रीनं साहेबाच्या कुत्र्याले फाडलं," निवृत्त प्राध्यापक म्हणाले. हे व्याख्यान देताना पुणेरी बोलतात, भाजीवालीशी वऱ्हाडी.

"माही कुत्री? तिले दात तरी हायेत का?" बाई म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, तुमी पाह्यलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नीट दिसलं नाही," मी म्हणालो. "दुपारची झोपेची वेळ होती."

ती माझ्याकडे बघत राहिली, गिऱ्हाईक आणखी काही घेणार आहे का याची वाट पाहावी तशी. मग तिने मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडायला घेतलं. दोन दिवसांनी कॉलनीतल्या एकाने लोडिंगचा ऑटो आणला, कुत्री पोत्यात घातली आणि बडनेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी सोडून दिली. ग्रुपवर लिहिलं, 'समस्या मार्गी'. खाली जोडलेले हात, फुलं. माझ्यासाठी खास अभिनंदन.

इकडे आमचा कुत्रा दिवाणाखाली गेला होता. टाके निघाले, जखम भरली, पाय ताठ झाला, पण तो बाहेर येईना. स्टीलचं ताट वाजलं की अंग आकसून घ्यायचा. बाहेर कोणी पुरुष मोठ्याने हसला की जागच्या जागी मुतायचा. बायको दिवाणासमोर जमिनीवर आडवी पडून हाताने भात भरवायची. मी वाकून बघितलं की तो तोंड भिंतीकडे करायचा. जनावराला कळत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी येऊन राहावं आठ दिवस.

मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. भाताची वाटी रोज एक फरशी पुढे. पहिल्या दिवशी दिवाणाच्या कडेला, दुसऱ्या दिवशी एक फरशी दाराकडे. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी वाटी मागे. ती त्याला रागावली नाही, लाडीगोडीही केली नाही, वाटी ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. होळीपर्यंत तो उंबऱ्याशी आला. गुढीपाडव्यानंतर अंगणात. मग एके सकाळी फाटकात. मी आत उभा राहून बघत होतो. त्याने फाटकाच्या गजांतून कोपऱ्याकडे मान केली, जिथे गाडीखाली तांबडी असायची. नाक वर करून बराच वेळ हुंगलं. मग वळला आणि सरळ दिवाणाखाली. महिन्यांचं काम त्या एका क्षणात पाण्यात गेलं.

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "थे असती तं गेला असता तो." एवढंच. सहीच्या दिवसापासून त्या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली होती.

उन्हाळ्यात इवाई अमरावतीला एका साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी आले आणि सकाळी आमच्याकडे थांबले. त्यांच्या नात्यातले ते दोघे शेजारीही भेटायला आले. चहा आला. कुत्रा तेव्हा पुन्हा बैठकीच्या मधल्या फरशीपर्यंत आलेला होता. इवाई कशावर तरी हसले आणि कुत्र्याच्या खालून धार सुटली. तो ती तशीच ओढत दिवाणाखाली गेला.

"अरे बापरे," इवाई म्हणाले. "काय हाल झाले हो याचे! आमच्या वावरात आला होता तवा कसा वाघासारखा खेयला होता. या तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याईनं नास केला त्याचा."

शेजाऱ्यांनी खेदाने माना हलवल्या. मी इवायांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर लबाडी शोधली, सापडली नाही. माझं खोटं अकोल्यापर्यंत पोचलं होतं, त्यांना सोयीचं वाटलं होतं, आणि एव्हाना त्यांचा त्यावर खरंच विश्वास बसला होता. मला त्यांची अशी किळस आली की त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक शोधायला गेलो. मग दुसरी किळस आली.

"इवाईबुवा," मी म्हणालो, "त्याले तुमच्या कुत्र्यानं फाडलं. तुमच्या वावरात. मी तिथं रोडगे खात बसलो होतो."

"मजाक करून राहिले इवाई," ते शेजाऱ्यांना म्हणाले.

"मजाक नाही. मीच सोडला होता त्याले खाली. तुमी नाजूक म्हणाले म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरीचा बाप हाये तुमी," ते हळू आवाजात म्हणाले, "जरा ध्यानात ठेवा." आणि उठले. चहा अर्धा राहिला होता. भरल्या कपावरून उठणं किती सोपं असतं, ते मी बघून घेतलं. शेजारी त्यांना फाटकापर्यंत पोचवून तिथूनच आपापल्या घरी गेले. ग्रुपवर त्या दिवशी फक्त सुप्रभात होतं.

बायकोने फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाली, "फुटलं तोंड एकदाचं."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती घराच्या गच्चीवरून बोलत असावी, वारा ऐकू येत होता.

"बाबा, इथं आता मले आयकावं लागून राहिलं."

"माहीत आहे बेटा."

"आयकतो मी. त्याचं काही नाही." मग थांबून म्हणाली, "पण त्या दिवशी तुमी उठले असते ना, तं मीही निघाली असती. मी वाटी ठेवूनच देणार होती खाली."

तिने कुत्र्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. भाजीवाली सांबाराच्या काड्या निवडत होती. मी सगळं सांगितलं. वावर, काळा कुत्रा, पंगत, सही. फार वेळ लागला नाही. इतके महिने पोटात धरलेली गोष्ट चार मिनिटांची निघाली.

तिने काड्या निवडणं थांबवलं नाही. "मले माईत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"त्या रविवारी तुमची गाडी आली ना, तवा तुमचं फाटक कोनं उघडलं? मीच तं उघडलं. बाई कुत्रं घेऊन बसेल होत्या मांगं. मांडीच्या पट्टीतून रक्त येऊन राह्यलं होतं. कुत्रं बाहेरूनच फाटून आणेल होतं तुमी."

मला तेव्हाचं फाटक आठवेना. कोणीतरी उघडलं होतं. कोणी, हे मी बघितलंच नव्हतं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"भाजीवालीचं कोनं आयकलं असतं? पाच जनं उभे होते मोठे मोठे." तिने आता पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हून तं तुमाले इचारलं. तुमी पाह्यलं का म्हून."

मी म्हणालो, मी बडनेऱ्याला जाऊन शोधतो.

"मी जाऊन आली दोनदा. माह्या मालकानं बी सायकलवर पाह्यलं. नका शोधू आता." मग म्हणाली, "मले सांगून काय करता? त्या वट्ट्यावर बसतेत त्याईले सांगा."

संध्याकाळी ओट्यावर गेलो, सांगितलं. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जाऊ द्या हो साहेब," ते म्हणाले, "निमित्त काही का असेना, काम चांगलंच झालं." बाकीच्यांनी दुजोरा दिला आणि बोलणं उन्हावर गेलं. मी अर्जावरची माझी सही परत घेतो असं लिहून महापालिकेच्या कार्यालयात दिलं. तिथल्या लिपिकाने पोच दिली आणि कागद कुठे ठेवला ते मी पाहिलं. मीही आयुष्यभर असे कागद तिथेच ठेवत आलो आहे.

बायकोने वाटी पुन्हा पहिल्या फरशीपासून सुरू केली. पोळा येईपर्यंत कुत्रा फाटकाबाहेर पडला. आता ती त्याला रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत नेते. तो भाजीच्या गाडीखाली जातो, रिकामी जागा हुंगतो आणि तिथेच थोडा वेळ पडतो. भाजीवाली त्याला काही बोलत नाही, गाडी मात्र त्याच्या शेपटीवरून जाणार नाही अशी धरते. बायकोला ती भाजी देते. मी एकदा गेलो होतो पालक घ्यायला. "बाईले पाठवा," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बायको माहेरी चांदूर बाजारला गेली की पट्टा माझ्या हातात येतो. मग कुत्रा दारापर्यंत येतो आणि खाली बसतो. गुरगुरत नाही, पळत नाही. मी ओढत नाही. काही वेळ आम्ही तसेच बसतो, मग मी पट्टा काढून ठेवतो.